स्वमग्न मुलांचा हक्क : कायद्यापासून दुर्गाघाटाच्या गल्लीपर्यंत



शाळेच्या हीरक महोत्सवात शाळेत शिकून गेलेल्या मुलांची आठवण निघणे स्वाभाविक आहे. जी मुले शाळेच्या दारापर्यंत पोहोचूच शकली नाहीत, त्यांचेही स्मरण आज व्हावे, हा या व्याख्यानाचा हेतू. काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. अशा वस्तीतील स्वमग्न मुलाच्या वाट्याला सरकारी खर्चाचे उपचार कितपत येतात, हा येथील प्रश्न आहे.

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे. ती औषधाने नाहीशी होत नाही. वाचोपचार, व्यवसायोपचार आणि विशेष शिक्षण लहान वयात व सातत्याने मिळाल्यास मात्र अनेक मुलांचा दैनंदिन व्यवहार पुष्कळ सुकर होतो. या सातत्याशीच सारी विषमता निगडित आहे.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिला स्थान दिले. याच कायद्याचे २५ वे कलम, कौटुंबिक उत्पन्नाच्या मर्यादेस अधीन राहून, राहत्या परिसरात विनामूल्य आरोग्यसेवेची तरतूद करते. ‘परिसर’ हा शब्द खुद्द कायद्यातला आहे.

आता दुर्गाघाटाचा परिसर पाहावा. गल्ल्या इतक्या अरुंद की चारचाकी वाहन दारापर्यंत येत नाही. घंटानाद, गर्दी, अंगावरून जाणाऱ्या दुचाकी यांतून मुख्य रस्ता गाठायचा. ज्या मुलाला आवाज आणि स्पर्श सोसत नाहीत, त्याची अर्धी शक्ती येथेच संपते. विद्यापीठाचे सर सुंदरलाल रुग्णालय तर शहराच्या पार दक्षिणेस. आठवड्यातून दोनदा तेथे जायचे, म्हणजे आईवडिलांपैकी एकाची तेवढ्या दिवसांची कमाई बुडणार. उपचार विनामूल्य असले, तरी त्यांच्यापर्यंत पोहोचणे विनामूल्य नसते.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जाऊन बालकांची तपासणी करतात. गरज असलेल्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. योजना उत्तम आहे. परंतु ज्या मुलाला ‘हा वर्गात बसत नाही’ म्हणून प्रवेशच नाकारला गेला, ते पथकाच्या दृष्टीस पडणार कसे? ज्याला गरज सर्वांत अधिक, तेच मूल यादीबाहेर राहते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि त्यात उपचारांचाही समावेश होतो. मात्र त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हवे, आणि खर्च आधी करून परतावा नंतर मागायचा. ज्याच्या हाती आधी खर्चायला पैसा आहे, त्यालाच ही वाट सुलभ.

भाषेचाही विचार आवश्यक आहे. घरी मराठी, उपचारकेंद्रात हिंदी आणि अहवाल इंग्रजीत, अशी या मुलाची स्थिती. ‘घरची भाषा सोडा’ असा सल्ला अशा पालकांना पुष्कळदा मिळतो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचा भाषाविकास खुंटतो, या समजुतीस संशोधनाचा आधार मिळालेला नाही. आजीची अंगाई आणि आईची हाक ज्या भाषेत, ती हिरावून घेतल्यास मुलाचा आधीच तोकडा असलेला संवाद अधिकच आक्रसतो.

शाळेने काय करावे? प्रवेश नाकारू नये, हा पहिला नियम. शिक्षकाने मुलाच्या वागण्याच्या नोंदी ठेवून त्या पालकांच्या हाती द्याव्यात. तपासणीच्या वेळी त्या उपयोगी पडतात. प्रमाणपत्राचे आणि विम्याचे अर्ज भरण्यास माजी विद्यार्थ्यांनी साहाय्य करावे. शाळा सुटल्यावर एक शांत खोली उपचारतज्ज्ञासाठी मोकळी ठेवावी आणि आठवड्यातून एक दिवस तज्ज्ञ वस्तीत यावा, अशी मागणी जिल्हा प्रशासनाकडे लेखी करावी. मुलाने केंद्र गाठण्याऐवजी केंद्राने मुलाला गाठावे, एवढाच या मागणीचा अर्थ.

मराठी माणसाने परप्रांतात देवळे बांधली, घाट बांधले, उत्सव जपले. घाटाच्या पायऱ्या उतरू न शकणाऱ्यालाही गंगेचे पाणी तांब्यातून घरी आणून देण्याची रीत या गावात आहे. उपचारांच्या बाबतीतही तीच रीत पाळली जावी, एवढी अपेक्षा या मंगल प्रसंगी व्यक्त करणे उचित ठरेल.