भिंगामागचा पडदा
(वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी सातवी यत्ता शिकलेली, घरकाम करणारी बाई. पण सासूबाईंच्या डोळ्यांच्या निमित्ताने जे समजले, ते आपणां सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. शस्त्रक्रियेत गढूळ भिंग काढतात. त्याची पातळ पिशवी मात्र राखून तिच्यात कृत्रिम भिंग बसवितात. कृत्रिम भिंग प्रथम बसविले लंडनच्या डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी, १९४९ साली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत प्लॅस्टिकच्या काचेचे तुकडे शिरूनही डोळे ते सोसतात, हे त्यांनी पाहिले होते.

डबा कितीही पुसला तरी कोपऱ्यात थोडे पीठ राहते ना? तशा जुन्या भिंगाच्या काही पेशी पिशवीत राहतात. त्या वाढून मागच्या बाजूस पसरल्या की पिशवी धुरकट होते. त्यांना अटकाव व्हावा म्हणून डॉक्टर पिशवी नीट साफ करतात, आणि हल्लीच्या पुष्कळ भिंगांची मागची कड उंबरठ्यासारखी चौकोनी ठेवलेली असते. तरीही काहींना महिन्यांनी, काहींना वर्षांनी पडदा येतोच.

सासूबाईंना दोन वर्षांनी आला. आषाढीला आपल्या छोट्या पंढरपुरात विठोबाचे मुख त्यांना धुक्यातल्यासारखे दिसले. रात्री नगर रस्त्यावर गाड्यांचे दिवे फुटलेले भासत. "मोतीबिंदू परत आला, खर्च पाण्यात गेला," असे मनाशी धरून त्या गप्प बसल्या. भगिनींनो, काढलेला मोतीबिंदू परत येत नाही!

डॉक्टरांनी आतला पडदा तपासला, औषध घालून बाहुली मोठी केली आणि यंत्रापुढे बसवून लेसर किरणांनी पिशवीच्या मागच्या बाजूस छोटी खिडकी पाडली. चिरा नाही, टाका नाही. काही मिनिटांचे काम. ही खिडकी सहसा पुन्हा बुजत नाही. मध, सुरमा वा घरगुती थेंबांनी मात्र हा पडदा जात नाही.

लेसरनंतर डोळ्यात विजा चमकल्या, काळे ठिपके एकाएकी वाढले किंवा कडेने सावली आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

म्हातारी माणसे खर्चाच्या भीतीने बोलत नाहीत. म्हणून महिन्यातून एकदा त्यांना एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचायला सांगा.