पायाखालची सतरंजी

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी कांद्याच्या चाळीत निवडायला बसली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज बोलायचं आहे ते आपण जमिनीवर जे अंथरतो त्याबद्दल. सतरंजी, चटई, घोंगडी, गालिचा, दारातलं पायपुसणं. तुम्ही म्हणाल, ताई, यात बोलण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटायचं.

आमच्या नणंदेला पाहायला पाहुणे येणार होते. त्याच आठवड्यात गल्लीत गालिच्यांचा टेम्पो आला. लाल रंग, सोनेरी फुलं, हात लावला की मऊ मऊ. विकणारा म्हणाला, अस्सल लोकर आहे. मी दोन हप्त्यांत पैसे द्यायचं कबूल करून घेऊन टाकला. पाहुण्यांनी कौतुक केलं, मला बरं वाटलं. मग पावसाळा आला. गालिच्याच्या पाठीला रबरासारखा थर होता, त्याखाली ओल धरली, वास यायला लागला. धुवायला काढला तर भिजल्यावर दोघींना उचलेना. तो वाळलाच नाही. आणि एका पहाटे त्याच्या वर आलेल्या कोपऱ्यात सासूबाईंचा पाय अडकला. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. पण दोष माझाच होता. घेताना मी पाहुण्यांचा विचार केला, घरातल्यांचा नाही.

तेव्हापासून काहीही अंथरायला घेताना मी तीन प्रश्न विचारते. कुठे अंथरायचं? त्यावरून कोण चालणार? आणि धुणार कोण? तिसऱ्याचं उत्तर आपल्याला माहीत आहेच!

आधी जागा बघू. इगतपुरी-त्र्यंबककडे चार महिने पाऊस हटत नाही. तिथे जाड गालिचा म्हणजे ओलीला आमंत्रण. तिकडे पातळ सुती सतरंजी किंवा चटई बरी, वापरून झाली की उचलून ठेवायची. येवला-नांदगावकडे धुळीचा त्रास. लांब केसाच्या गालिच्यात धूळ बसते ती केरसुणीने निघत नाही. घरात दम्याचं माणूस किंवा रांगतं मूल असेल तर असा गालिचा नकोच. माप घ्यायला सुतळी घेऊन जमिनीवर चौकोन मांडून बघा. भिंतीपासून वीतभर जागा सुटली पाहिजे, आणि दार अंथरुणाला न अडकता उघडलं पाहिजे.

आता कापड ओळखायचं कसं? काठाचा एक दोरा मागून घ्या. मोकळ्या जागी, पोरांपासून लांब, चिमट्यात धरून पेटवा. सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो. वितळून कडक गोळी झाली तर तो प्लास्टिकचा धागा. प्लास्टिकचा धागा वाईटच असं नाही, स्वस्त असतो, लवकर वाळतो. पण लोकरीच्या भावाने घेऊ नका, आणि चुलीजवळ किंवा समईजवळ अंथरू नका. पेटला तर वितळून अंगाला चिकटतो. रंगासाठी पांढरा रुमाल ओला करून जोरात घासा. रुमाल रंगला तर पहिल्या धुण्यात सतरंजीही रंग सोडणार.

हाताने विणलेल्या चांगल्या सतरंजीची उलट आणि सुलट बाजू सारखीच दिसते, म्हणून ती पालटून दोन्हीकडून वापरता येते. कर्नाटकात धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंद गावात बायका घरच्या मागावर अशा सतरंज्या विणतात. त्यांना जमखाना म्हणतात. 2011 साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. एकेक धागा दाबत विणायचं काम आहे ते. भाव करताना त्या हातांचीही आठवण ठेवावी. आपल्याकडची घोंगडी तशीच, दख्खनी मेंढीच्या लोकरीची. तिला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी असताना कडक लागते. वापरत गेलं की मऊ होते. टोचते म्हणून लगेच नाव ठेवू नका.

जपायचं कसं, तेही सांगते. सतरंजी रोज झटका, आठवड्याला उन्हात टाका. धुताना गार पाणी आणि थोडा साबण. ती भिजली की जड होते, म्हणून दोघींनी मिळून धुवा, आणि एका दोरीवर लोंबकळत न टाकता दोन दोऱ्यांवर पसरून वाळवा, नाहीतर वाकडी होते. घोंगडीला गरम पाणी लावू नका, पिळू नका, आकसते. लोकरीला कसर लागते, म्हणून ठेवण्याआधी कडक ऊन द्या, पाल्यासकट वाळलेल्या कडुनिंबाच्या डहाळ्या घालून गुंडाळा आणि मधून मधून उघडून बघा. सुती असो की लोकरीची, पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळायची नाही. आणि गुंडाळी कोपऱ्यात ठेवली असेल तर अंथरण्याआधी अंगणात नेऊन काठीने झटका. पावसाळ्यात विंचू अशाच जागी बसतो.

चकचकीत स्टाईल फरशीवर सतरंजी सरकते. तिचं एक टोक खाटेच्या पायाखाली दाबा, किंवा खाली रबराची जाळी घाला. कोपरा वर आला तर त्याच दिवशी टाका घाला. म्हाताऱ्या माणसाच्या खाटेपासून मोरीपर्यंतची वाट मोकळी ठेवा, तिथे काहीच अंथरू नका.

पायपुसणं मात्र विकत घेऊ नका. जुन्या सुती साडीच्या चार बोटं रुंद पट्ट्या फाडा, तीन पट्ट्यांची वेणी घाला, वेणी गोल गुंडाळत जाड दोऱ्याने शिवत जा. दोन दुपारचं काम आहे.

शेवटी गटाचं सांगते. आमच्या गटात आधी सचिव खुर्चीवर आणि बाकीच्या खाली, कुणी पोत्यावर, कुणी नुसत्या फरशीवर बसायच्या. आम्ही वर्गणी काढून एक मोठी सुती जाजम घेतली. आता सगळ्याच तिच्यावर बसतात, सचिवही. खुर्ची फक्त गुडघे दुखणाऱ्या आजींना. कर्ज मागायला आलेल्या बाईला समोर उभं राहून बोलावं लागत नाही, शेजारी बसून बोलता येतं. धुवायची पाळी दर महिन्याला दोघींची, वहीत लिहिलेली. बघा, तुमच्याही बैठकीत हा विषय घ्या.

अंथरूण पाहून पाय पसरावे असं आपण म्हणतो. मी म्हणते, अंथरूण घेतानाही घर पाहून घ्यावं. जी उचलता येते, झटकता येते आणि धुता येते, ती सतरंजी आपली. आज हे ऐकून झालं की उठा, घरातल्या सतरंजीचे चारही कोपरे पायाने चाचपून बघा. एखादा वर आला असेल तर सुई-दोरा घ्या. माझ्या सासूबाईंच्या हातावर जे बेतलं, ते तुमच्या घरी नको.