खाण्याची अ‍ॅलर्जी आणि प्लेटलेट

मुलाच्या पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले, की घरात पहिला संशय खाण्यावर. ‘काल अंडं दिलंत ना!’ पण अ‍ॅलर्जीच्या गांधी खाजतात, काही तासांत विरतात. हे ठिपके दाबूनही फिके पडत नाहीत; ते रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी झाल्याची खूण असू शकतात. प्लेटलेट दीड लाखांखाली घसरण्यामागे बहुधा डेंग्यू, नाहीतर विषाणूतापानंतर बिथरलेली प्रतिकारशक्ती असते. खाण्याशी संबंध क्वचितच. उदाहरणार्थ, टार सिंड्रोम या जन्मजात आजारात कोपराखालचं एक हाड नसतं, प्लेटलेट कमी असतात आणि अनेक बाळांना गाईचं दूध सोसत नाही. दुधाने प्लेटलेट आणखी घसरू शकतात. विस्कॉट-ऑल्ड्रिच आजारात कमी प्लेटलेटच्या जोडीला इसब आणि अन्नाची अ‍ॅलर्जीही आढळते. ठिपके दिसले, तर दूध-अंडं तोडून वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन मनाने मुळीच देऊ नका.