गाडीचा दिवा : आपल्याला दिसावे, दुसऱ्याचे डोळे दिपू नयेत



आज आपण पिकअप गाडीच्या दिव्यांविषयी बोलू. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी पिकअप आहे. कुणी ती भाड्याने चालवतो. कुणाचा टोमॅटो नारायणगावच्या बाजारात जातो, तर कुणाची भाजी रातोरात वाशीला पोचते. माल संध्याकाळी भरायचा आणि पहाटे उतरवायचा. मग सारी भिस्त असते ती पुढच्या दोन दिव्यांवर.

एखाद्या दिवशी दिव्याचा बल्ब जातो. आपण दुकानात जातो. दुकानदार विचारतो, "दादा, साठचा देऊ की शंभरचा? शंभरचा लखलखीत पडतो बघा." आपल्यालाही वाटते, घाटाचा रस्ता आहे, उजेड जास्त तेवढा बरा. पण तसे नाही. का नाही, ते पाहू.

बल्बवर काय लिहिले आहे?

दुकानात जाताना जुना बल्ब सोबत न्या. त्याच्या धातूच्या बुडावर बारीक अक्षरे असतात. आपल्याकडच्या पुष्कळ पिकअप गाड्यांत 'एच ४' नावाचा बल्ब असतो. त्यावर '१२ व्ही, ६०/५५ डब्ल्यू' असा मजकूर असतो. ही अक्षरे व आकडे इंग्रजी असतात. पण आकडे दहाच आहेत. आपले आकडे तुम्ही शिकलात, तसे तेही चार दिवसांत येतील. ते वाचता आले म्हणजे दुकानात कुणी तुम्हांला फसवू शकणार नाही.

१२ व्ही म्हणजे १२ व्होल्ट. पिकअपची बॅटरी १२ व्होल्टची असते. मोठ्या ट्रकची बहुधा २४ व्होल्टची असते. ट्रकचा बल्ब पिकअपला चालत नाही.

६०/५५ म्हणजे काय? एच ४ बल्बच्या पोटात दोन तारा असतात. अप्परची तार ६० वॅटची आणि डिप्परची ५५ वॅटची. डिप्परच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी पळी असते. ती नीट बघा. खाली जाणारा उजेड ती अडवते. अडवला नाही, तर तो दिव्यातल्या चकचकीत वाटीवर आपटून वर उडेल आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाईल. म्हणजे उजेड नुसता पाडायचा नसतो, तो योग्य जागी पाडायचा असतो.

शंभराचा हिशेब

आता थोडे गणित करू. वॅटला व्होल्टने भागले की वीज किती वाहते ते कळते. ६० भागिले १२, आले ५ अँपियर. १०० भागिले १२, आले ८ पेक्षा जास्त. दोन दिव्यांचे मिळून १० च्या जागी १६ वर गेले. तार मात्र तीच! वीज एवढी वाढली की तीच तार जवळजवळ पावणेतीन पट तापते.

मग काय होते? होल्डर वितळतो. स्विच जळतो. आतली वाटी काळवंडते आणि उजेड उलट कमी होतो. फ्यूज उडतो. काहीजण फ्यूजच्या जागी जाड तार बांधतात. असे कधीही करू नका. फ्यूज हा गाडीचा राखणदार आहे. त्याला काढून टाकले, तर आग लागायला वेळ लागत नाही.

कुणी म्हणेल, "आम्ही रिले आणि जाड वायरिंग टाकू." त्याने तारा वाचतील. पण वाटी तापायची ती तापेलच आणि समोरच्याचे डोळे दिपायचे ते दिपतीलच.

एलईडी आणि निळा बल्ब

हल्ली हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्ब मिळतात. गाडी कारखान्यातूनच एलईडी दिव्यांची आली असेल, तर गोष्ट वेगळी. तिचा सगळा दिवाच तसा घडवलेला असतो. पण हॅलोजनच्या दिव्यातली वाटी बारीक तारेच्या उजेडासाठी बनवलेली असते. तिथे दुसरा बल्ब खुपसला की उजेड जागा सोडून फाकतो. जवळचे लख्ख दिसते आणि दूरचे दिसत नाही.

निळ्या काचेचा बल्बही घेऊ नका. निळी काच काही उजेड गाळून टाकते.

उजेड कमी का पडतो?

दिवा मंद झाला की आपण बल्बला दोष देतो. आधी काच पुसा. ती पिवळी पडली असेल, तर घासून घ्या किंवा बदला. मग अर्थिंगची तार सैल आहे का, होल्डरला गंज आहे का, ते गॅरेजमध्ये दाखवा. पुष्कळदा रोग इथेच सापडतो.

बल्ब बसवताना

दोन्ही बल्ब एकदमच बदला. एक गेला की दुसराही फार दिवस टिकत नाही. खोक्यावर आयएसआयची खूण किंवा बुडावर गोलात 'ई' हे इंग्रजी अक्षर आहे का, ते पाहा. दिवा बंद करा, बल्ब थंड होऊ द्या. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचे तेल काचेवर राहते, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. बुडाला धरा. बोट लागलेच, तर स्वच्छ फडक्यावर स्पिरिट घेऊन पुसा.

मग सपाट जागी भिंतीसमोर ५ मीटरवर गाडी उभी करा. डिप्पर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण ५ सेंटीमीटर खाली यावी. डाव्या बाजूला ती थोडी चढलेली असते, कारण आपण डावीकडून चालतो. उजवीकडे ती चढता कामा नये.

पिकअपची एक खोड ध्यानात ठेवा. मागे माल भरला की पुढचे तोंड वर उठते. दिवेही वर बघू लागतात. म्हणून माल भरल्यावर कड पुन्हा तपासा. काही गाड्यांत दिवे खाली करायची चकती असते. ती वापरा. चकती नसेल, तर गॅरेजमध्ये दिवे लावून घ्या. आणि मुळात माल बेताने भरा.

समोर कोण आहे?

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोरच्याचे डोळे तीन सेकंद दिपले, तर त्याची गाडी ५० मीटर आंधळी धावते. त्या ५० मीटरांत काय असेल? गळिताच्या दिवसांत उसाची बैलगाडी असते. तिला मागे दिवा नसतो. पायी जाणारा कामगार असतो. सायकलवर कुणाचा तरी मुलगा असतो. आणि तो आंधळा झालेला चालक सरळ आपल्याच अंगावर येऊ शकतो.

म्हणून कायद्यानेही हे बांधून दिले आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत म्हटले आहे, की दिव्याचा झोत खाली वळलेला असावा. दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, त्याचे डोळे दिपता कामा नयेत.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी दुकानदाराला ठणकावून सांगा, "भाऊ, कंपनीने दिला तोच द्या. साठ-पंचावन्नचा." बल्ब हातात घ्या आणि आकडे स्वतः वाचा. समोरून गाडी आली की डिप्पर द्या. तुम्ही दिलात की तोही देईल. दोघेही सुखरूप घरी पोचाल.