पुण्याचे थॉमस कैलाथ

स्वीडनच्या लिंशोपिंग आणि स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट देऊन गौरवलेले अभियंते थॉमस कैलाथ १९३५ साली पुण्यात एका मल्याळी कुटुंबात जन्मले. सेंट व्हिन्सेंट्स ही त्यांची शाळा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ मध्ये दूरसंचार विषयात पदवी घेऊन ते अमेरिकेत एमआयटीत गेले. पुढं स्टॅनफर्ड विद्यापीठ हीच त्यांची कर्मभूमी झाली.

त्यांचं एक काम आवर्जून समजून घेण्यासारखं आहे. रेडिओलहरींतून संदेश पाठवताना वाटेत खरखर मिसळते आणि अक्षरं बिघडतात. आता, पलीकडच्यानं आपल्याला काय ऐकू आलं ते उलट कळवलं तर? मग सगळा संदेश पुन्हा पाठवायला नको. जेवढी चूक राहिली तेवढीच दुरुस्ती पाठवायची. संशोधक शॅल्कविक यांच्यासह कैलाथ यांनी १९६६ मध्ये गणितानं दाखवलं, की अशा पद्धतीनं चुकीची शक्यता विलक्षण वेगानं घटते. इतकी साधी कल्पना आणि इतका मोठा परिणाम, हे मला फार सुंदर वाटतं.

पुढं त्यांनी अभियंते आरोग्यस्वामी पॉलराज यांच्यासोबत अनेक अँटेना एकाच वेळी वापरण्याचं पेटंट १९९४ मध्ये मिळवलं. आजच्या वाय-फाय आणि फोर-जी जाळ्यांमध्ये अनेक अँटेनांचं हेच तत्त्व वापरलं जातं.

भारत सरकारनं २००९ साली त्यांना पद्मभूषण दिलं, तर २०१७ मध्ये त्यांना मार्कोनी सोसायटीचा जीवनगौरव पुरस्कार मिळाला.