चार गुणांची गोष्ट

परवा भाचीनं विचारलं, "मामू, भाषाविज्ञान घेऊ, की सोपा विषय घेऊन ग्रेड सांभाळू?" मला माझं बी.ए. आठवलं.

आमच्या घरात दखनी बोलत. अब्बा म्हणाले, "उर्दू घे, गुण पडतील." मी मराठी घेतलं. जुन्या मराठीच्या पेपरला 'लीळाचरित्र' होतं. पहिले दोन महिने एक ओळ धड कळेना. शब्दकोश घेऊन ग्रंथालयात बसू लागलो. तिथंच श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' हाती आला. सतराव्या शतकात एक मुसलमान मराठीत ओव्या लिहितो! 'तुमचं मराठी चांगलं आहे हो' हे कौतुक त्या दिवसापासून मला बोचेनासं झालं.

त्याची किंमतही मोजावी लागली. पहिला वर्ग चार गुणांनी हुकला, बी.एड.चा प्रवेश गेला. वर्षभर एका दुकानात हिशेब लिहिले. अब्बा काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

म्हणून भाचीला नुसतं 'धाडस कर' म्हणालो नाही. म्हटलं, पुढं जिथं प्रवेश घ्यायचाय, तिथली गुणांची अट आधी बघ. एका सत्रात अवघड विषय एकच घे, बाकीचे झेपतील असे. पण सगळेच सोपे घेऊ नकोस. येतं तेच पुन्हा लिहून तीन वर्षं संपतील.

तिनं भाषाविज्ञान घेतलंय. निकाल दिवाळीनंतर लागेल. गुण कमी पडले, तर मी मात्र गप्प बसणार नाही. जवळ बसवून विचारीन, "नवं काय कळलं, सांग."