वायपर अडला? मोटर टाकून देऊ नका!
(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या मंचावर मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने झाली आहेत. मला मात्र सांगण्यात आले, की तुमच्या कामातले, पण घरी उपयोगी पडेल असे काही बोला. मी रेल्वेतला डिप्लोमावाला इंजिनिअर. तारा, रिले आणि मोटरी यांतच माझी नोकरी चालली आहे. म्हणून विषय घेतला जुन्या गाडीच्या वायपरचा. भाद्रपदातला पाऊस अजून सरलेला नाही, तेव्हा विषय अवेळी म्हणता येणार नाही.

आपल्यापैकी काही घरांत अजून पद्मिनी किंवा अँबेसेडर जपून ठेवलेली आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि पुढे १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमिअर पद्मिनी' झाली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. अँबेसेडर २०१४ साली बंद झाली. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. अशा गाडीचा चांगला भाग फेकून दिला, तर तसाच दुसरा मिळणे कठीण. म्हणूनच दोष नेमका शोधणे महत्त्वाचे.

खाजगी गाडीला १५ वर्षे झाली, की नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणी होते आणि पुढे दर ५ वर्षांनी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०१ प्रमाणे गाडीला नीट चालणारा वायपर हवाच. आणि नियम बाजूला ठेवला, तरी पावसाळी रात्री समोरून ट्रकचा उजेड येत असताना वायपर थांबला तर काय होते, हे गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको.

आता वायपरची वाट पाहू. बॅटरीतून करंट निघतो, इग्निशन स्विच, फ्यूज, वायपरचा स्विच असे करत मोटरपर्यंत येतो आणि गाडीच्या लोखंडी बॉडीतून परत बॅटरीकडे जातो. ही परतीची वाट म्हणजे अर्थ. तिच्याकडे कोणी पाहत नाही आणि निम्मी दुखणी तिथेच असतात.

आमच्या शेजारच्या काकांची १९८८ ची पद्मिनी आहे. २०२३ साली पासिंगसाठी त्यांनी गाडी नव्याने रंगवून घेतली. गाडी झकास दिसू लागली, पण वायपर रखडत चालू लागला, काचेच्या मध्येच थांबू लागला. एका गॅरेजमध्ये टेस्ट लॅम्प लावून पाहिला. दिवा लख्ख लागला. "सप्लाय बरोबर आहे, मोटर गेली," असा निकाल मिळाला. तशी मोटर मिळेना. काका म्हणाले, "आता भंगारात देऊन टाकतो." काकू काही बोलल्या नाहीत, पण त्याच गाडीतून त्यांची मुलगी सासरी गेली होती.

मी मल्टिमीटर घेऊन गेलो. वायपर चालू ठेवला, मीटरची एक पिन मोटरच्या बॉडीला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. तिथे शून्याच्या जवळपास आकडा यायला हवा. आला ३ व्होल्ट! मोटर रबरी गुटक्यांवर बसवलेली होती, तिची अर्थची तार बोल्टखाली होती आणि बोल्टखाली नवा रंग होता. पॉलिश पेपरने तेवढी जागा घासून लोखंड उघडे केले, बोल्ट घट्ट केला आणि वायपर पहिल्यासारखा धावू लागला. पैसे लागले शून्य.

मग दिवा कसा लागला? हिशोब सोपा आहे. रंगामुळे वाटेत १ ओहमचा अडथळा आला होता असे धरा. दिवा पाव अँपिअर घेतो, त्याचा पाव व्होल्टच बुडतो. मोटर ३ अँपिअर घेते, तिचे ३ व्होल्ट बुडतात आणि १२ पैकी ९ च उरतात. म्हणून व्होल्टेज मोजायचे ते भार चालू असतानाच. पोकळ तारेत १२ व्होल्ट दिसणे म्हणजे काहीच सिद्ध होत नाही.

आमच्या लोको पायलटांजवळ ट्रबल शूटिंग डिरेक्टरी असते. दोष दिसला की कोणत्या क्रमाने काय पाहायचे, ते तीत लिहिलेले असते. तसाच क्रम इथेही लावावा.

वायपर अजिबात हलत नसेल, तर आधी फ्यूज पाहा. पद्मिनीसारख्या गाड्यांत टोकदार फ्यूज पितळी पट्ट्यांत अडकवलेले असतात. टोकांवर हिरवट थर चढला, की फ्यूज शाबूत असूनही करंट जात नाही. तो काढून, टोके घासून परत बसवा.

वायपर हळू चालत असेल, तर मोटरला जोडलेला दांडा सोडवून नुसती मोटर चालवा. ती जोरात फिरली, तर दोष बहुधा सुकलेल्या बुशांचा, तिथे ग्रीस द्या. तरीही हळूच असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे अर्थ आणि सप्लाय मोजा. दोन्ही ठीक निघाले, तरच कार्बन ब्रश पाहायला मोटर उघडा.

स्विच बंद करताच ब्लेड मध्येच थांबत असेल किंवा वायपर बंदच होत नसेल, तर मोटरच्या गिअरजवळचा पार्किंग स्विच पाहा. ब्लेड खाली येईपर्यंत करंट देत राहणे हे त्याचे काम. त्याचे पॉइंट बहुधा काळे पडलेले असतात.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. दांड्याजवळ हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार काढा, नाहीतर बोट चिरडेल. आणि फ्यूज सारखा जातो म्हणून त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका. फ्यूज गेला नाही, तर तार जळेल आणि तारेबरोबर गाडी. फ्यूज जातो आहे, म्हणजे तो काहीतरी सांगतो आहे, ते ऐका.

काकांची गाडी पासिंगमध्ये पास झाली. तुमच्याही घरी एखादे जुने यंत्र 'गेले' म्हणून कोपऱ्यात पडले असेल, तर निकाल देण्याआधी त्याची परतीची वाट एकदा तपासा. मीटर माझ्याकडे आहे, हाक मारा, येईन.